मन मोकळं करण्यापूर्वी : प्रथमच जाणाऱ्यांसाठी सूचना

मनाच्या दुखण्यावर ‘जास्त विचार करू नकोस’ हा घरगुती काढा ज्यांना लागू पडला, त्यांनी हे मार्गदर्शन वाचू नये. बाकीच्यांनी पुढील सूचना नीट वाचाव्यात.

१. पूर्वतयारी
घरी ‘दाताच्या डॉक्टरांकडे चाललोय’ असं सांगावं. मुंबईकरांनी ‘ठाण्याला जातो’ म्हणू नये. तिथं १९०१ पासून मनोरुग्णालय असल्यानं लोक लगेच सुस्कारा टाकतात. पुणेकरांनी येरवड्याचं नाव काढू नये. तिथं तुरुंगही असल्यामुळे नातेवाइकांना चर्चेला दोन विषय मिळतात. दवाखान्याच्या लिफ्टमध्ये शेजारचे जोशी भेटलेच, तर घाबरू नये. तेही दाताच्याच डॉक्टरांकडे निघालेले असतात.

२. कोणाकडे जावं?
मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमडी वगैरे झालेले डॉक्टर. ते औषधं लिहून देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या घेतात, बोलून उपचार करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. शिक्षण आणि नोंदणी बेधडक विचारावी. आपण भाजीवाल्याला मेथीची जुडी उलटून दाखवायला लावतो, इथंच कशाला लाजायचं? खालच्या मजल्यावरच्या काकू फी घेत नाहीत हे खरं. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं, जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद सोडून, रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. काकूंना हा कायदा लागू नाही.

३. खोलीत शिरल्यावर
आडवं पडायला कोच शोधू नये. फ्रॉइडचा कोच लंडनच्या संग्रहालयात आहे. इथं दोन खुर्च्या, भिंतीवर घड्याळ आणि बरोबर तुमच्या हाताशी टिश्यूंचा डबा असतो. त्याच्याकडे तुच्छतेनं बघून ‘आपण काही रडणाऱ्यातले नाही’ असं मनात म्हणावं. तो डबा असल्यांच्याच जिवावर संपतो.

४. पहिली भेट
ही पाऊण तास ते तासभर चालते. झोप, भूक, जुने आजार, चालू गोळ्या, घरात कोण कोण, व्यसन, जीव नकोसा होतो का, असं सगळं विचारलं जातं. यावर बाणेदारपणे ‘तसं काही विशेष नाही’ म्हणावं आणि बराच वेळ ऑफिसातलं राजकारण व सोसायटीची पाण्याची टाकी यांवर बोलावं. वेळ संपली, की उठून, चप्पल पायात सरकवून, दाराच्या कडीला हात घालून सांगावं, “बाकी काही नाही, बाबा गेल्यापासून झोप लागत नाही एवढंच.” समोरच्या बाई शांतपणे म्हणतील, “पुढच्या वेळी इथूनच सुरू करू.” असं करणारे तुम्ही पहिले नसता.

५. सल्ला
मिळत नाही. “मॅडम, मी नोकरी सोडू का?” या प्रश्नाला “तुम्हाला काय वाटतं?” हे उत्तर येतं. ‘एवढ्यासाठी पैसे मोजले?’ असा संताप झाल्यास तोही तिथंच बोलून दाखवावा. त्यावरही भेट खर्ची पडते आणि बऱ्याचदा तीच सत्कारणी लागते.

६. गृहपाठ
आरन बेक आणि अल्बर्ट एलिस या अमेरिकनांच्या उपचारपद्धतींत वही घालावी लागते. प्रसंग : साहेबांनी मेसेज वाचला, उत्तर दिलं नाही. विचार : नोकरी गेली. परिणाम : रात्रभर जागरण. शेवटच्या रकान्यात दुसरी शक्यता लिहायची : साहेब जेवत असतील. हे लिहिताना हसू येतं. रात्री दोन वाजता तेच सुचत नाही, म्हणून वही. आदल्या रात्री बसून आठवड्याचा गृहपाठ एकदम उरकू नये. वेगवेगळ्या पेनांनी लिहिलं तरी ओळखू येतं.

७. गुण कधी येतो?
दोन भेटींत येत नाही. उलट झाकलेलं उघडल्यानं आधी जास्त दुखू शकतं. काही भेटींनंतरही सूर जुळत नसेल, तर तसं सांगून दुसऱ्यांकडे जावं. तोंड चुकवून पळू नये. गोळ्या चालू असल्यास बरं वाटलं म्हणून परस्पर बंद करू नयेत. सुधारणेची बातमी बहुधा घरचे तक्रारीच्या रूपात देतात : “हल्ली तू फार उलट बोलतोस.” तुम्ही फक्त ‘या रविवारी मला जमणार नाही’ एवढंच म्हणालेले असता. हे यश समजावं आणि रविवारी झोपावं.

८. अपवाद
जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर वरच्या सातही सूचना बाजूला ठेवा. घरातल्या एका माणसाला खरं सांगा आणि १४४१६ हा नंबर लावा. ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती मोफत आहे आणि रात्री-अपरात्रीही चालू असते. फोन आजच करा.