क्षमस्व, सहकुटुंब

३१ डिसेंबरची संध्याकाळ झाली की आमच्या खोपोलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माफीची साथ येते. ‘सरत्या वर्षात कळत-नकळत मन दुखावलं असल्यास क्षमस्व.’ यंदा हा एकच मजकूर अकरा जणांनी टाकला. त्यातल्या एकाखाली सांगलीच्या कुठल्याशा परिवाराचं नाव तसंच राहिलं होतं. सांगलीकरांनी आमचं काय वाकडं केलं होतं कोण जाणे, पण सगळ्यांनी हात जोडून त्यांना माफ केलं.

बाकी वर्षाचा हिशोब काय मांडायचा? जुलैत झेनिथच्या धबधब्याचा दरवर्षीचाच व्हिडिओ ‘आत्ताचा’ म्हणून आला. सह्याद्रीवरून उतरवलेल्या पाण्यावर टाटांचं वीजघर इथे १९१५ पासून वीज बनवतंय; ग्रुपवर मात्र बारा महिने एकच चौकशी, ‘तुमच्याकडे लाइट आहे का?’ (वीज बनवणारे वेगळे, बिल लावणारे वेगळे.) आणि कर्जतला लोकल चुकली, की पुढची चारही स्टेशनं, पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, बिचारी विनाकारण शिव्या खातात.

एप्रिलात पार्किंगवरून माझ्याशी भांडलेले शेजारीही रात्री ११:५८ला सर्वांची माफी मागते झाले. मी लगेच बदाम पाठवला. सकाळी खाली उतरलो तर त्यांची स्कूटर माझ्याच जागेवर. तेवढ्यात तेही जिन्यात आले. दोघांनी एकदमच खिशातून मोबाइल काढला आणि खाली मान घालून एकमेकांना ओलांडलं.