उलटेराव

उलटेराव तुम्हाला ठाऊक आहेत. ते डोंबिवलीत असतील, सांगलीत असतील, नाहीतर मुलाकडे सहा महिने न्यू जर्सीला गेलेले असतील. आडनाव काहीही असेल. टूथपेस्टची ट्यूब डोक्यावर उभी करून ठेवणारे, रिमोट चालेनासा झाला की आतले सेल काढून त्यांची अदलाबदल करणारे, लग्नपत्रिकेचं पाकीट उसवून त्याच्या कोऱ्या अंगावर किराण्याची यादी लिहिणारे ते हेच. एके काळी सदऱ्याची कॉलर विरली की ते शिंप्याकडून ती उलटवून घेत आणि सदरा आणखी दोन वर्षं ओढत. प्रत्येक वस्तूला दुसरी बाजू असते, आणि पहिली बाजू संपली म्हणजे वस्तू अर्धीच संपते, हे त्यांचं तत्त्वज्ञान. त्याची खरी कसोटी लागते ती पलंगावरच्या गादीपाशी. गादीला मधोमध खड्डा पडलेला असतो, मुलगी म्हणते, "बाबा, आता नवी घ्या." मुलगा म्हणतो, "मी ऑनलाइन मागवतो." वहिनी काही म्हणत नाहीत, नुसत्या कमरेवर हात ठेवून उठतात. उलटेराव शांतपणे विचारतात, "उलटून बघितली का?"

त्यांना कंजूष म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण पुरावा तसं सांगत नाही. कंजूष माणूस एप्रिलमध्ये हापूसच्या पेटीचा भाव न करता ती रिक्षात घालत नाही, आणि नातवाच्या मुंजीत दोनशे पानं जास्तीची सांगत नाही. उलटेरावांचा हात खर्चाला आखडत नाही, टाकून द्यायला आखडतो. गादी दुरुस्त करायची की बदलायची हा इतरांच्या लेखी पैशाचा प्रश्न असतो, त्यांच्या लेखी तो न्यायाचा असतो. आरोपीला बचावाची पूर्ण संधी दिली का, एवढंच त्यांना पाहायचं असतं. माझं म्हणणं असं की आजच्या गादीबाबत त्यांचा निकाल जवळजवळ नेहमी चुकतो, पण ते जो प्रश्न विचारतात तो बरोबर असतो, आणि घरात तो दुसरं कोणीच विचारत नाही.

आधी त्यांच्या शास्त्राची बाजू ऐकू. आयताकृती गादी पलंगावर चारच प्रकारे बसते: वरची बाजू वर किंवा खाली, आणि उशाचं टोक उशाशी किंवा पायथ्याशी. या चार स्थितींच्या रचनेला गणितात फेलिक्स क्लाइन या जर्मन गणितज्ञाचं नाव मिळालं आहे, आणि तिच्यातली गोम अशी की कोणतीही एकच हालचाल पुन्हा पुन्हा करून चारही स्थिती गाठता येत नाहीत. कुशीवर उलटलेली गादी पुन्हा तशीच उलटली की मूळपदावर येते. उशा-पायथ्याची अदलाबदलही दुसऱ्या खेपेला स्वतःलाच पुसून टाकते. दरवेळी एकाच तऱ्हेने गादी उलटणारी सामान्य माणसं जन्मभर निम्मीच गादी वापरतात. उलटेरावांनी क्लाइन वाचलेला नसतो, पण त्यांनी गादीच्या एका अंगाच्या दोन टोकांना बॉलपेनने १ आणि २, दुसऱ्या अंगाच्या टोकांना ३ आणि ४ असे आकडे घातलेले असतात. दसऱ्याला कुशीवर, पाडव्याला उशा-पायथा, अशी दोन वर्षांत चारही आकड्यांची प्रदक्षिणा पुरी होते, आणि तिची नोंद कालनिर्णयच्या पानावर दुधाच्या हिशेबाशेजारी असते. त्या दिवशी जावयाला जेवायला बोलावलेलं असतं. श्रीखंडाआधी तो गादीचं एक टोक धरून उभा असतो, पंख्याचं पातं गादीला घासतं, आणि उलटेराव पलीकडून ओरडतात, "सोडू नका! तीनची बाजू आहे ती!"

हे तत्त्वज्ञान कापसाच्या गादीने शिकवलं, आणि तिच्यापुरतं ते पूर्ण खरं होतं. कापसाच्या गादीचा मऊपणा निम्मा कापसाचा आणि निम्मा हवेचा. रोजच्या वजनाने आणि घामाच्या ओलीने तंतू एकमेकांत गुंततात, मधली हवा निघून जाते, आणि कापसाचे गोळे होतात. यात कापूस मरत नाही, नुसता दडपतो. म्हणून पिंजारी यायचा. पिंजारी, नदाफ, मन्सूरी अशा नावांनी ओळखली जाणारी ही मंडळी गच्चीवर नाहीतर अंगणात खोळ उसवत, पिंजणाची तात कापसात धरून तिच्यावर ठोके देत, आणि त्या टणत्काराने गोळ्यांचे पुन्हा तंतू होत. धूळ आणि तुटलेले बारीक तंतू गळून पडत, किलो-दोन किलो नवा कापूस भरीला घातला जाई, खोळ विरली असेल तर नवी, मग दाभणाने टाके. देशी कापसाचा आखूड, जाडाभरडा तंतू सूतगिरणीला नकोसा वाटे, पण गादीत तो छान उसळून येई. सावरीचा कापूस मात्र उशीतच शोभे, कारण त्याचा तंतू पोकळ आणि ठिसूळ, पिंजणाचा मार त्याला सोसत नाही. अशा रीतीने तीन खोळी बदललेली आणि अर्धाअधिक कापूस नवा झालेली गादी घरात आजोबांचीच म्हणून ओळखली जाई. काही गावांत पिंजण्याचं यंत्र टेम्पोत घालून आजही माणसं फिरतात. कापसाची गादी असेल तर त्यांना थांबवावं, नवी घेऊ नये. इथवर उलटेरावांशी माझा वाद नाही.

वाद सुरू होतो तो त्यांच्या पलंगावर आता कापूस नाही म्हणून. तिथे पॉलीयुरेथेनचा फोम आहे. या रसायनाचं मूळ 1937 सालच्या जर्मनीत, ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगशाळेत. फोम म्हणजे असंख्य बुडबुड्यांचा एकसंध ठोकळा. रोजच्या दाबाने, उष्णतेने आणि दमटपणाने त्या बुडबुड्यांच्या भिंती थकतात, आणि एकदा थकलेली भिंत पुन्हा उभी राहत नाही. तो पिंजता येत नाही, त्यात मूठभर नवा फोम भरून जुन्याला तरतरी आणता येत नाही. उलटेराव हे मान्य करत नाहीत. ते खड्ड्याखाली प्लायवूड सरकवतात, त्यामुळे खालून आधार मिळतो आणि खड्डा वर जिथल्या तिथे राहतो. मग खड्ड्यात घडी घातलेली गोधडी येते, तिच्यावर सतरंजी, आणि मध्यरात्री ती सतरंजी घसरली की झोपणारा तिच्याबरोबर घसरतो. आणि शेवटचा उपाय म्हणून ते गादी उन्हात टाकतात. कापसाला ऊन म्हणजे संजीवनी, ओल उडते आणि तंतू मोकळे होतात. फोमला तेच ऊन मारक, कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी तो पिवळा पडतो आणि वरून भुरभुरू लागतो. गच्चीवरून उतरलेली गादी आणखी वाईट झालेली पाहून उलटेराव निष्कर्ष काढतात की एकाच बाजूला ऊन लागलं, उलटून टाकायला हवी होती.

त्यांचे आक्षेप उत्तर देण्याजोगे आहेत. पहिला आक्षेप, कडक गादीच पाठीला चांगली, मऊ नवी गादी घेऊन कंबर कोण बिघडवून घेईल? ही समजूत पिढ्यानुपिढ्या चालत आलेली आहे, वैद्यांनी आणि डॉक्टरांनीही ती सांगितली आहे. पण 2003 साली 'लॅन्सेट'मध्ये फ्रान्सिस्को कोव्हाक्स यांच्या स्पॅनिश गटाचा अभ्यास छापून आला. जुनाट कंबरदुखीच्या 313 जणांना कडक किंवा मध्यम कडक गादी देऊन त्यांना 90 दिवसांनी तपासलं, तेव्हा मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं अधिक कमी झालं होतं. शिवाय उलटेरावांची गादी कडकही नाही. तिच्या कडा कडक आहेत आणि मध्य पोकळ आहे. दुसरा आक्षेप, नवी गादी आणली तरी धुळीतले किडे होणारच. खरं आहे, पण या सूक्ष्म किड्यांना हवेतली ओल लागते, आणि कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात ती मुबलक मिळते. कोरड्या हवेत ते मरतात, मात्र शिंका आणणारी त्यांची विष्ठा गादीतच राहते. गरम पाण्यात धुण्यासारखी चादर आणि निघणारी खोळ हे त्यावरचं उत्तर आहे. गादी उलटल्याने ती विष्ठा फक्त खालच्या बाजूला जाते आणि पुढच्या पाडव्याला परत वर येते.

तिसरा आक्षेप किमतीचा, आणि तो ते दुकानात मांडतात. विक्रेता हिशेब सांगतो, "काका, बारा हजारांची गादी, दहा वर्षं टिकली तर दिवसाला सव्वातीन रुपये पडतात." हिशेब बरोबर असतो. उलटेराव म्हणतात, "मग रोज सव्वातीन रुपये घेऊन जा, सकाळी आठनंतर मी घरीच असतो." विक्रेता मेमरी फोम दाखवत नासाचं नाव काढतो, आणि तेही खरं असतं. 1966 च्या सुमारास चार्ल्स योस्ट यांनी नासासाठीच्या कामातून हा फोम घडवला, पण तो विमानाच्या आसनांसाठी. उलटेरावांना हा तपशील माहीत नसूनही नेमकं तेच सुचतं: "अंतराळात लोक तरंगत झोपतात, त्यांना गादी कशाला?" जुन्या गादीच्या वॉरंटीचा कागद ते सोबत आणतात. अनेक कंपन्या साधारण एक इंचाहून खोल खड्डाच दोष मानतात. उलटेरावांनी पडद्याची दांडी आडवी ठेवून पट्टीने मोजलेलं असतं. मोजमाप बावीस मिलिमीटर भरलेलं असतं. खड्डा अजून कायद्यात बसत नाही, आणि तो बसेपर्यंत ते त्यात झोपायला तयार असतात.

विक्रेत्याचं शेवटचं वाक्य त्यांना खरा धक्का देतं. "काका, ही एकाच बाजूने वापरायची. वर मऊ थर, खाली कडक तळ. उलटायची नाही." नव्या गाद्यांपैकी पुष्कळ अशाच असतात. तळात अनेकदा फोमच्या तुकड्यांना चिकटवून दाबलेला पुनर्बंधित थर असतो, त्यावर झोपणं म्हणजे जमिनीवर झोपणं. चार स्थितींपैकी दोन कारखान्यातच बाद झालेल्या असतात. उलटेराव गप्प होतात, आणि इथे मला त्यांची बाजू घ्यावी लागते. एवढा वेळ त्यांना हसताना आपण हे विसरलो की त्यांची सवय वस्तूच्या रचनेतून आलेली होती. उसवता येणारी खोळ, सुटा कापूस, ओळखीचा कारागीर आणि दोन सारखी अंगं, एवढं असलं की दुरुस्ती हा स्वभाव बनतो. वस्तू एकसंध ठोकळा झाली की काटकसरीचा माणूस विक्षिप्त दिसायला लागतो. ज्या बाजाराने त्यांची दुसरी बाजू काढून घेतली, तोच आता 'पर्यावरणपूरक' अशी चिठ्ठी लावून गादी विकतो, आणि जुनी एक्स्चेंजमध्ये घेताना तिचं पुढे काय होतं ते सांगत नाही. आणखी एक गोष्ट कालनिर्णयच्या पानांवरूनच निघते. दुहेरी पलंगावर खड्डे दोन असतात, एक खोल, एक उथळ. नोंद नीट वाचली तर दर पालटानंतर उलटेराव झोपायची कड बदलतात, आणि खोल खड्डा दरवेळी त्यांच्याच वाट्याला येतो. उथळ बाजूच्या रकान्यात फक्त 'सौ.' एवढंच लिहिलेलं असतं. हे त्यांनी कोणाला सांगितलेलं नसतं, आणि वहिनींना ते माहीत नसेल असं मानायला जागा नाही.

म्हणून निकाल असा. कापसाची गादी पिंजून घ्यावी. फोमच्या गादीत सकाळी उठल्यावर शरीराचा ठसा तसाच राहत असेल आणि दुसऱ्या घरी, दुसऱ्या अंथरुणावर कंबर दुखत नसेल, तर ती बदलावी, अपराधी वाटून घेऊ नये आणि प्लायवूड आणू नये. मात्र नवी घेताना चेन असलेली, निघणारी खोळ आणि सुटे थर मिळतात का ते पाहावं. लेटेक्सच्या काही गाद्यांत ते असतात, आणि तिथे खचलेला थरच तेवढा बदलता येतो. कामाची वाटणीही ठरवून टाकावी. जुनी कधी टाकायची ते वहिनींनी ठरवावं, कारण उलटेरावांच्या न्यायालयात तारखाच पडत राहतात. नवी कोणती घ्यायची ते बघायला मात्र त्यांनाच पुढे पाठवावं. विक्रेत्याला घाम फुटेपर्यंत ही उसवते कुठून, आत काय आहे, हा थर गेला तर एकटा मिळेल का, असं विचारणारा माणूस घरात दुसरा नाही. पाकीट तेवढं वहिनींकडे असावं.