तिसऱ्या माळेचा फ्यूज

छत्रपती संभाजीनगरात नळाला पाणी कधी येईल, हे ज्योतिषीही छातीठोकपणे सांगत नाही. ऊन मात्र न चुकता येतं. म्हणून सिडकोतल्या गच्च्यांवर टाक्यांशेजारी आता सौर पॅनेलं दिसू लागलीत. 2024 च्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान जाहीर झाल्यापासून तर आपली मोकळी गच्ची उगीच ओशाळल्यासारखी वाटते.

पॅनेल बसवणारा पोरगा विचारतो, "काका, फ्यूज मोठाच टाकू ना? सारखा उडायची झंझट नको." किटकॅट फ्यूजमध्ये तांब्याची तार पिळून बसवणाऱ्या आमच्या पिढीला हे ताबडतोब पटतं.

पण उन्हाचा हिशेब निराळा. साडेपाचशे वॅटचं पॅनेल कडक उन्हात साधारण 13 अँपिअर देतं आणि शॉर्टसर्किट झालं तरी 14 च्या आसपास थांबतं. सूर्याच्या अंगात याहून जास्त येत नाही. भीती आहे ती भाऊबंदकीची. पॅनेलांची एकच माळ असेल, तर तिला फ्यूज नसला तरी चालतं. दोन माळा जोडल्या आणि एक बिघडली, तर दुसरी तिच्यात 14 अँपिअर ढकलते. तेवढं ती सोसते. तिसरी आली की दोघी मिळून बिघडलेलीवर 28 ओततात. पॅनेलच्या पाठीवर तर फ्यूज जास्तीत जास्त 25 चा, असं छापलेलं!

मग माप काढायचं. 14 ची दीडपट 21. दीडपट अशासाठी, की पावसाळ्यात ढगाच्या कडेनं ऊन क्षणभर जास्तच झळाळतं आणि मे महिन्यात गच्चीवरच्या डब्यात फ्यूजही तापून हळवा होतो. 21 चा बाजारात मिळत नाही, म्हणून 25. तोही डीसीचाच, वाळू भरलेला. घरातली वीज सेकंदाला शंभरदा शून्यावर येते, तेव्हा ठिणगी विझते. पॅनेलची वीज अशी उसंत देत नाही.

थोडक्यात, रोजच्या कुरबुरीला तुटायचं नाही आणि घर पेटायच्या आधी तुटायचं, हे या मध्यस्थाचं काम. माणसांतले मध्यस्थ अजून असा आकडा छापून मिळत नाहीत. म्हणून तर कोर्टात वाटणीचे दावे नातवंडांपर्यंत चालतात.