चालेल की पळेल?

इंग्लंडमध्ये पहिल्यांदा राहायला गेलो, त्या संध्याकाळी घरमालकीणबाईंनी दारावर टकटक केली. 'शॅल आय रन यू अ बाथ?' प्रवासाने अंग आंबलेलं. पळापळीचा कुठलाही प्रस्ताव मंजूर करण्याच्या स्थितीत मी नव्हतो. 'नो, थँक यू,' म्हणालो आणि पारोसाच झोपलो. टबात गरम पाणी सोडू का, एवढंच बाई विचारत होत्या, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

तेव्हापासून त्या 'रन'वर माझी पाळत आहे. इंग्रजांचं नाक धावतं, धुतलेल्या कपड्याचा रंग धावतो. घरातलं दूध संपलं की माणूसच दुधाबाहेर धावतो. रस्त्यात कुणी ओळखीचं भेटलं की त्याच्या आत धावतो. अंगात ताप भरला तर म्हणे तो ताप पळवतो; आपल्याकडे ते काम डॉक्टरचं. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशासाठी पीटर गिलिव्हर या क्रियापदाला भिडले, तर नऊ महिने लागले. चक्क बाळंतपण! आणि जन्माला आले ६४५ अर्थ. १९८९च्या आवृत्तीत 'सेट' ४३० अर्थांनिशी मिरवत होता, त्याला यानं मागे टाकलं. गिरण्या आल्या, आगगाड्या आल्या, संगणक आले. जे यंत्र येईल त्याला त्या लोकांनी धावायला लावलं.

आपल्याकडे मात्र गिरणी चालते, घड्याळ चालतं, दुकान चालतं. संसारसुद्धा कसाबसा चालतोच. फार काय, एखाद्याला घराबाहेर काढताना आपण 'चालता हो' म्हणतो. म्हणजे हाकलतानाही सावकाश जायची मुभा! (नुसत्या 'चालू' माणसापासून तेवढं जपून असावं.)

निवडणुकीचंही तेच. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीला धावतो. ब्रिटनमध्ये उभा राहतो, आपल्याकडेही उभाच राहतो. पण आपली भाषा तिथे थांबत नाही. अर्ज मागे घ्यायची मुदत जवळ आली की आपला उमेदवार बसतो. स्वतःहून बसला नाही तर त्याला बसवतात. कशावर बसवतात हे व्याकरणात येत नाही.

काल रात्री हे सगळं बायकोला रंगवून सांगत होतो. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

'अहो, आज नुसतं पिठलं-भात. चालेल ना?'

'चालेल काय, पळेल!' हल्लीच्या पोरांचं उत्तर मी ठोकून दिलं.

ती आत गेली. डबा उघडल्याचा आवाज आला, मग तिचाच.

'बेसन संपलंय. जरा धावत जाऊन घेऊन या बघू.'

मी चपला घातल्या आणि चालत गेलो.