हरिणकाकांचा हिशेब

थँक्सगिव्हिंगच्या आधीचा शनिवार उजाडायच्या आत विस्कॉन्सिनमधल्या आमच्या गल्लीतल्या निम्म्या गाड्या गायब झालेल्या असतात. बंदुकीने हरणं मारायचे नऊ दिवस सुरू झालेले असतात. या नऊ दिवसांत प्लंबर मिळत नाही. दाताचा डॉक्टर मिळालाच, तर त्याचं लक्ष दातात नसतं. कायद्याप्रमाणे प्रत्येकाच्या अंगावर भडक केशरी जाकीट असतं. 2016 पासून भडक गुलाबीही चालतं, पण आमच्या शेजारच्या हरिणकाकांचं म्हणणं, "कायद्याला चालतं ना? मग कायद्याने घालावं."

हरिणकाका हे नाव आमच्या मुलांनी ठेवलेलं. सत्तरी ओलांडलेली, नोकरी उभा जन्म चीज फॅक्टरीत, चुलतभावाच्या शेतावर शिकारीचं मचाण, आणि तोंडात थापांचा अखंड झरा. ब्रँडी ओल्ड फॅशन्ड हे इथलं राज्यपेय म्हणायला हरकत नाही. त्याच्या प्रत्येक ग्लासागणिक काकांच्या हरणाच्या शिंगांना एकेक टोक फुटत जातं. सहा टोकांचा नर रात्री घरी निघेपर्यंत दहा टोकांचा झालेला असतो. अंतराचंही तसंच. चाळीस यार्डांवरून झाडलेली गोळी पुढच्या वर्षी दीडशे यार्ड जाते, मध्ये वारा सुटतो आणि एक ओढाही आडवा येतो.

पण हाच माणूस शिकारीची नोंद करायला लागला की हरिश्चंद्र होतो.

नियम असा, की मारलेलं हरिण हाती लागलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत सरकारदरबारी नोंदवायचं. राज्याचं नैसर्गिक संपत्ती खातं आहे. त्याला सगळे 'डीएनआर' म्हणतात, आणि म्हणताना चेहरा किंचित वाकडा करतात. नोंद फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून होते. काकांना पाच वाजेपर्यंत धीर कुठला! फोनला रेंज नसली तर ते चढ चढून शेताच्या वरच्या बांधावर जातात, वाचायचा चष्मा लावतात आणि यंत्राच्या प्रश्नांना उत्तरं देतात. नर की मादी, मोठं की पाडस, कुठल्या जिल्ह्यात, जमीन खाजगी की सरकारी. शेवटी मिळालेला नंबर डायरीत उतरवून घेतात आणि यंत्राला "थँक्यू" म्हणतात. मी एकदा हसलो तर म्हणाले, "अरे, ऐकून घेतलं ना तिने!"

काकांना फोनची ही सोय मनापासून मात्र आवडत नाही. 2015 पूर्वी हरिण पिकअपच्या मागे घालून नोंदणीच्या ठिकाणी न्यावं लागे. ठिकाण म्हणजे बहुधा पेट्रोल पंप नाहीतर बार. पायाला धातूचा बिल्ला अडकवला जाई, आणि काही ठिकाणी खात्याचे तज्ज्ञ जबडा उघडून दातांवरून वय सांगत. खालच्या जबड्यातल्या तिसऱ्या दुधाच्या दाढेला तीन उंचवटे असतात. साधारण दीड वर्षाच्या सुमारास ती पडते आणि दोन उंचवट्यांची पक्की दाढ येते. काकांना हे इतकं पाठ आहे, की आमच्या धाकट्याचा दात हलायला लागला तेव्हा टॉर्च घेऊन पहिले तेच आले. पेट्रोल पंपावर गर्दी जमे, लोक एकमेकांच्या गाडीत डोकावत. "तिथे टोकं मोजलेली असायची, थाप मारायची सोयच नव्हती," हे काका हळहळत सांगतात, की सुटकेने, ते मला अजून कळलेलं नाही.

डीएनआरशी त्यांचं नातं सासूसुनेचं. "यांना ऑफिसात बसून काय कळतं? म्हणे हरणं वाढलीत! मला दिवसभरात एक दिसत नाही." लांडगे, थंडी, शेजारच्या शेतावरचे लोक, या सगळ्यांना शिव्या घालून झाल्या की गाडी परत डीएनआरवर. गंमत अशी, की खात्याचा अंदाज निघतो तो काकांच्याच नोंदींवरून. मारलेल्या मोठ्या नरांमध्ये दीड वर्षांचे किती, यावरून दरवर्षी नरांपैकी किती जातात याचा अदमास येतो. त्यावरून नर एकूण किती असावेत हे काढायचं, मग एका नरामागे माद्या किती, एका मादीमागे पाडसं किती, असं करत सगळा कळप कागदावर उभा राहतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दिसलेल्या माद्या आणि पाडसं मोजून कळवायचीही सोय आहे. काका तेही कळवतात. मक्याच्या शेतालगत गाडी हळू करून पुटपुटणारा म्हातारा दिसला तर इथे कोणी पोलिसांना बोलवत नाही, मागून हॉर्नसुद्धा वाजवत नाही.

माद्या मारायचे परवाने किती द्यायचे यासाठी प्रत्येक जिल्ह्यात नागरिकांची समिती आहे. तिच्या बैठकीला काका मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसतात. मादी मारण्याचा वाद इथे जुना. आल्डो लिओपोल्ड म्हणजे वन्यप्राणी-व्यवस्थापनाच्या शास्त्राचा मूळपुरुष. 1933 साली मॅडिसनच्या विद्यापीठात शिकार-व्यवस्थापनाचा प्राध्यापक झाला. हरणं वाढून जंगल खाऊन टाकताहेत, माद्याही कमी करा, असं तो चाळीसच्या दशकात सांगू लागला तेव्हा शिकाऱ्यांनी त्याला सळो की पळो केलं. काकांच्या वडिलांनीही त्याला शिव्या घातल्या होत्या म्हणे. काकांच्या दिवाणखान्यात आज लिओपोल्डचा फोटो आहे. शिव्या चालू खात्याला, फोटो गेलेल्या माणसाचा, ही पद्धत मला आपल्याकडचीच वाटली.

आमच्या भागात 2002 साली हरणांच्या मेंदूचा एक असाध्य रोग सापडला. तेव्हापासून आणखी एक काम वाढलं. हरणाचं डोकं पिशवीत घालायचं, फॉर्म भरायचा आणि रस्त्याकडेच्या पेटीत टाकून यायचं. मानेतल्या गाठी तपासल्या जातात. निकाल येईपर्यंत मटण फ्रीजरमध्ये, आणि प्रत्येक पुडक्यावर मार्करने तारीख, जिल्हा, नंबर.

माझी माळकरी आई पाहुणी आली होती तेव्हा काकांनी कौतुकाने तिला फ्रीजर उघडून दाखवला. ती दोन पावलं मागे सरकली, पण नजर पुडक्यांवरच्या अक्षरांवर. 1972 च्या कायद्यानंतर आपल्याकडे शिकार म्हटलं की एकतर जुना संस्थानिक आठवतो नाहीतर पोलीस. घरी आल्यावर म्हणाली, "मारतो तो मारतो, आणि वर सरकारला कळवतोही?" मग जरा वेळाने, "आपला दादामामा कालनिर्णयावर सिलिंडरची तारीख लिहितो ना, अगदी तस्सा." निरोप घेताना तिने त्यांना शेंगदाण्याची चटणी दिली. काकांनी लगेच बरणीवर तारीख घातली.

गेल्या मोसमात काकांना काहीच मिळालं नाही. नेमकी त्याच वर्षी खात्याची प्रश्नावली आली. निवडक शिकाऱ्यांना ती पाठवतात. ज्यांना काही मिळालं नाही त्यांचेही दिवस आणि तास मोजावे लागतात, नाहीतर हरणं कमी झाली की शिकारी, हे कळायचं कसं? काकांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर डायरी उघडून ती भरली. मचाणावर झोप लागली ते तास वजा केले. शिकारीच्या रकान्यात ठसठशीत शून्य घातलं.

त्याच संध्याकाळी बारमध्ये बारा टोकांचा नर काकांच्या बंदुकीसमोर उभा राहिला, चाप अडकला, आणि तो काकांकडे वळून पाहत ओढ्यापलीकडे गेला. सगळे चुकचुकले. मी हळूच विचारलं, "काका, हा फॉर्मवर का नाही?"

"वेडा आहेस का? तिथे लिहिलं तर हे हरणं वाढली म्हणतील आणि पुढच्या वर्षी परवाने वाढवतील." ग्लास पुढे सरकवत ते म्हणाले, "तुला सांगायला काय जातं?"