तुमचं बॉडी एज काय निघालं म्हणे?

ऐकलं का? बुलढाण्यात आता साधं वय कोणी विचारतच नाही. जन्मदाखल्यावरचं वय मागासलं! आता विचारायचं ते, 'बॉडी एज काय निघालं?' आणि तेही कुठे, तर भर लग्नात, पंगतीत, पानात जिलेबी पडत असताना. शिव शिव! पूर्वी बाईमाणसाला वय विचारलं की भांडण व्हायचं. आता त्याच आपणहून सांगतात, 'माझं 42 चं 34 आलं. आणि ह्यांचं... जाऊ द्या.' त्या 'जाऊ द्या'त एका सज्जन नवरोबाची चारचौघांत अब्रू गेलेली असते.

हे वय काढतात कसं, तेही ऐका. वजनकाट्यासारखं एक यंत्र असतं. चपला काढून त्यावर उभं राहायचं. आधी तुमची उंची टाकतात, मग बाई की पुरुष ते टाकतात आणि मग वय टाकतात! म्हणजे वय तुम्हीच यंत्राला सांगायचं आणि यंत्रानं ते फिरवून तुम्हालाच सांगायचं. तळपायातून विजेचा अगदी बारीक प्रवाह जातो. पाणी धरून ठेवणाऱ्या स्नायूतून तो सहज वाहतो, चरबीत अडखळतो. त्यावरून चरबीचा अंदाज आणि त्या अंदाजावरून वय. तांब्याभर पाणी पिऊन चढलात तरी आकडा हलू शकतो. आमच्या गल्लीतले एक निवृत्त गुरुजी 65 चे 71 निघाले. बिचारे म्हणाले, "बरं झालं बाप्पा, हे यंत्र तवा नव्हतं. नाहीतर सरकारनं मले 52 व्या वर्षीच घरी बसवलं असतं!" आकडा वाईट निघाला की शेजारच्या टेबलावर पावडरीचा डबा तयार असतोच. आकडा चांगला निघाला तरी असतो.

आणि ती मनगटावरची घड्याळं! राजूर घाटाकडे पहाटे फिरायला जाणारे पूर्वी पाऊसपाणी, कापसाचा भाव, झालंच तर कोणाची पोरगी कुठे दिली, एवढं तरी बोलायचे. आता सगळे खाली मान घालून मनगट बघतात. रात्री साडेअकराला अंगणात येरझारा घालणारा माणूस दिसला तर चोर समजू नका. त्याची चारशे पावलं बाकी आहेत. एका काकांनी तर घड्याळ कबड्डी खेळणाऱ्या नातवाच्या हाताला बांधलं आणि संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर सतरा हजारांचा आकडा टाकला, हार-तुऱ्यांच्या चित्रासकट! बरं, हे दहा हजार पावलांचं व्रत दिलं कोणी? कोणा वैद्यानं नव्हे. टोकियो ऑलिम्पिक संपल्यावर, 1965 साली, जपानमधल्या एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं आणि त्याच्या नावातच दहा हजार घातले. तेवढ्यावर साठ वर्षं जग चालतंय.

सगळ्यात ताजी फॅशन एका पायावर उभं राहण्याची. 2022 साली ब्राझीलच्या संशोधकांचा अभ्यास आला: पन्नाशी ओलांडलेल्या ज्यांना दहा सेकंदसुद्धा एका पायावर उभं राहता आलं नाही, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. झालं! बागेत भले भले एक पाय उचलून सेकंद मोजतायत. अहो, आपला विठोबा अठ्ठावीस युगं उभा आहे, तोही दोन पायांवर!

खरं तर भाकिताचं वेड आपल्याला नवं नाही. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेला घट मांडतात, धान्यं ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पावसाचं, पिकाचं भाकीत ऐकायला गर्दी लोटते. तीच घटमांडणी आता मनगटावर आली, एवढंच. फरक असला तर हा, की भेंडवळचं भाकीत अवघ्या मुलखासाठी असतं आणि घड्याळाचं फक्त माझ्यासाठी.

आणि गोम तिथेच आहे. माणूस किती वर्षं धडधाकट जगतो, हे मोजायचं शास्त्र खरोखर आहे. पण ते एकट्या गुरुजींचं नसतं, सगळ्या लोकसंख्येचं असतं. सलिव्हन नावाच्या अमेरिकी संशोधकानं 1971 साली सोपी रीत सांगितली: दर वयोगटात लोक किती वर्षं जगतात ते घ्यायचं आणि त्यातून आजारपणात, परावलंबी जाणारा वाटा वजा करायचा. 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेनं देशोदेशींचा असा हिशेब मांडला तेव्हा जपान पहिला आला. 2019 साठी भारताचा आकडा होता असा: सरासरी आयुष्य सुमारे 71 वर्षं, त्यातली धडधाकट सुमारे 60. मधली दहा-अकरा वर्षं गोळ्यांच्या पाकिटांवर!

पण हा वजाबाकीचा आकडा आणायचा कुठून? लोकांना विचारून? इथे खरी मजा आहे. अमर्त्य सेन यांनी 2002 साली दाखवून दिलं, की भारतात जास्त जगतो केरळ आणि 'मी आजारी आहे' असंही जास्त सांगतो केरळच. बिहारमध्ये माणसं कमी जगतात, पण दुखणंही कमी सांगतात. आमच्याकडची आजी काय वेगळं सांगणार? पाय सुजून टम्म झालेत, कातडीवर बोट दाबलं तर खळगा राहतो, आणि विचारलं तर म्हणते, "मले काय धाड भरली?" लिहा, प्रकृती उत्तम!

ही आजी बहुतेक खारपाणपट्ट्यातली असते. पूर्णेच्या खोऱ्यात संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या बाजूला बोअरचं खारं पाणी तोंडात धरवत नाही आणि गावोगाव मूत्रपिंडाचे रोगी सापडतात. संशय पाण्यावरच जातो. तिथल्या माणसाची धडधाकट वर्षं किती? देशाच्या नमुना नोंदणीतून आयुर्मान काढतात ते राज्यापर्यंत येऊन थांबतं. तालुक्याला कोणी यंत्रावर उभं करत नाही. 2025 च्या जानेवारीत शेगाव तालुक्यात लोकांचे केस भराभर गळाले, तेव्हा दिल्लीपर्यंत खळबळ झाली, आयसीएमआरचं पथक आलं. यावं, यायलाच हवं होतं. पण केस गेलेले दिसतात, मूत्रपिंड गेलेलं दिसत नाही, म्हणून त्याची बातमीही होत नाही.

तेव्हा घड्याळ बांधा, एका पायावर उभे राहा, आमचं काही म्हणणं नाही. पण तिशी ओलांडली असेल तर जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात रक्तदाब आणि साखर फुकट तपासतात, तिथे एकदा जा. खारपाणपट्ट्यातले असाल तर डॉक्टरांना विचारून मूत्रपिंडासाठी रक्तातलं क्रिएटिनिनही बघून घ्या. आणि येत्या ग्रामसभेत उभं राहून विचारा, आपल्या नळाच्या पाण्याची तपासणी शेवटची कधी झाली आणि त्यात क्षार किती निघाले? गावाचं बॉडी एज त्या तपासणीच्या कागदावर लिहिलेलं असतं.