पिवळी, लाल आणि आमचा कलाकार
कंपनीचा स्टिरिओ काढून मोठ्या पडद्याचा बसवायला गेलो. गाडीचा सॉकेट नव्या सेटला बसेना. त्यासाठी तयार कपलर मिळतो, वायर कापावी लागत नाही; पण कारागिराने तोवर दातांनी वायर सोलायला घेतली होती. सेटची पिवळी वायर हवी कायमच्या १२ व्होल्टवर, कारण स्मरणशक्ती तिच्यावर चालते. लाल हवी चावीवर. आमच्या कलाकाराने नेमकी अदलाबदल केली. (चिकटपट्टी मात्र सुबक गुंडाळली हो!) आता गाडी बंद केली की सेट घड्याळ, स्टेशनं, ब्लूटूथ सगळं विसरतो. रोज सकाळी नव्याने ओळखपरेड. वॉरंटीचं विचारलं, तर समोरच्याने कापलेल्या वायरींकडे नुसतं बोट दाखवलं. जुना स्टिरिओ माळ्यावर आहे, अगदी चालू स्थितीत.